पुतळीचा उन्हाळा

पेपरात चिकलठाण्याच्या वेधशाळेतल्या पाऱ्याचा आकडा पहिल्या पानावर यायला लागला की माझा फोन सुरू होतो. "मॅडम, गाय हाफायली." "मॅडम, जीभ बाहेर काढून उभी हाय, वैरणीला तोंड लावंना." "मॅडम, दूध एकदम निम्म्यावर आलं, काहीतरी टोचा की." मी गुरांची डॉक्टर. अजिंठा रस्त्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात माझी नोकरी, राहणं हर्सूलला. दर उन्हाळ्यात त्याच माणसांना तेच सांगून सांगून माझा घसा बसतो. काय टोचू? उन्हावर इंजेक्शन असतं का कुठं? तुमची गाय आजारी नाही हो. तिच्या अंगात जे रक्त तुम्ही हौसेनं भरलंय, ते या मुलखातलं नाही, एवढंच. पण हे फोनवर कुणाला सांगणार? मग मी म्हणते, पोती भिजवून पाठीवर टाका, दुपारची वैरण बंद करा, पाणी पाजत राहा, मी येते.

यंदाही फोन आले. हर्सूलचा तलाव कडेकडेनं भेगाळायला लागला, तुरुंगाच्या भिंतीलगतचे लिंब फुलले, आणि सकाळी गाडी काढताना त्या कडवट-गोड वासानं मला नेमकी पुतळी आठवली. पुतळी आठवली की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली तरी फिरतं.

पुतळी आमच्या दादाच्या गोठ्यातली. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, रस्ता सोडून आत. आई-अण्णा गेल्यावर घरात तो आणि वहिनी दोघंच, पोरं शिकायला शहरात. दादा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, जिवाला जीव देणारा आहे, आणि कुणाचं ऐकत नाही. माझं तर अजिबातच नाही. साऱ्या तालुक्याची गुरं मी तपासते, पण माझ्या माहेरच्या गोठ्यात मी अजून "मीने, तुला काय कळतंय, चहा पी" एवढीच आहे. हट्ट आमच्याकडं आईच्या बाजूनंही आला आणि अण्णांच्या बाजूनंही आला. दोन्हीकडून आलेली गोष्ट पोरांत दुप्पट दिसते, हे मी कॉलेजात शिकायच्या आधी घरातच शिकले होते.

पण गोष्ट खरी वहिनींची आहे. वहिनी अजिंठ्याच्या घाटाखालच्या गावातल्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी आंदण म्हणून एक गाय दिली. भांडीकुंडी, कपाट सगळं दिलं तसं सगळेच देतात, पण ही गाय टेम्पोतून नवरीच्या मागोमाग आली आणि वरातीतल्या बायका नवरी सोडून तिलाच बघायला धावल्या. लाल, बुटकी, एक शिंग जरा वाकडं. नाव लाली. गावरान गाय. दूध म्हणाल तर घरच्या चहापुरतं आणि वर वाटीभर. आमची आई तिला दुधाच्या हिशेबात धरायचीच नाही. पण वैशाखातल्या भर दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडायची, तेव्हा लाली उघड्या अंगणात उभी राहून निवांत रवंथ करायची. वहिनी नव्या घरात बावरलेल्या असायच्या, तेव्हा भाकरीचा तुकडा घेऊन तिच्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. माहेरचं बोलायला दुसरं होतं कोण?

लालीला पहिल्यांदा विलायती वळूची कांडी मीच भरली. कांडी म्हणजे रेताची ती बारीक नळी, जी आम्ही नायट्रोजनच्या भांड्यात गोठवून ठेवतो. काळ्या-पांढऱ्या, दांडग्या, दुधाळ जातीची होती. तिला मैना झाली. मैना निम्मी आईची, निम्मी बापाची. आईचा काटकपणा तिच्यात होता आणि बापाकडचं दूध होतं. मैनानं घर पालटलं हो! डेअरीचा कॅन आमच्या दारात पहिल्यांदा तिच्यामुळं आला. सकाळी धारांचा तो चुळूक चुळूक आवाज, बादलीवर चढणारा फेस, गोठ्यातली शेणाची आणि मुरघासाची, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या वैरणीची, आंबूस ऊब, हे सगळं मला आवडायचं. वहिनींचा तर पाय जमिनीवर ठरत नव्हता. "माझ्या लालीची लेक हाय ती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आणि इथंच दादाच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. "अर्धी विलायती तर इतकं दूध. मग पुरी विलायती केली तर किती? सांग ना."

सांगितलं की! किती वेळा सांगितलं. अंगणात सांगितलं, बांधावर सांगितलं, त्याच्या मेव्हण्यासमोर सांगितलं. दादा, दुधाचा असा एकच खटका नसतो, दाबला की दूध वाढलं. शेकडो बारीकसारीक गोष्टी आई-बापाकडून येतात. वासराला प्रत्येकाकडून निम्म्या मिळतात, त्यातल्या कोणत्या निम्म्या ते कुणाच्या हातात नाही. म्हणून तर एकाच गाईच्या दोन लेकी सारखं दूध देत नाहीत. विलायती रक्ताबरोबर दूध येतं, तसं मोठं अंग येतं, मोठी भूक येते, आणि ते सगळं थंड मुलखात बेतलेलं असतं. लालीची पातळ चकचकीत कातडी, गळ्याखालची लोंबती पोळी, घाम येणारं अंग, हे सगळं आपल्या उन्हात तासून तयार झालेलं आहे. तू एकेक पिढी विलायती भरत गेलास की ते निम्म्यानं निम्म्यानं कमी होत जाईल. आपल्याकडं निम्म्यावर थांबायचं. आता मैनाला संकरित वळूची नाहीतर देशी कांडी भर.

दादा ऐकून घ्यायचा आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवायचा. त्यावर एक वळू होता, काळा-पांढरा, तेल लावल्यासारखा तुकतुकीत. "ह्यो बघ. ह्याच्यासारखं जनावर तुझ्या दवाखान्यात हाय का?" अरे, वळूच्या रूपात काय बघायचं? वळूला कास असते का? त्याच्या अंगातलं दूध त्याच्या लेकींत दिसतं, म्हणून लेकी बघायच्या, आणि त्या लेकी कुठल्या हवेत बांधल्या होत्या तेही विचारायचं. पण बाजारात बघा तुम्ही. कालवड घ्यायला आलेला माणूस पहिलं विचारणार, "हिची माय किती द्यायची?" बापाच्या बाकीच्या लेकी किती देतात, हे मी एकाही बाजारात एकाही माणसाला विचारताना ऐकलं नाही. कालवड चांगली निघाली की कांडी भारी होती, वाईट निघाली की मायवर गेली. माणसांतही हेच. सोडा.

दादानं मैनाला पुन्हा विलायतीच कांडी भरवली. मी दौऱ्यावर होते, खाजगी माणूस बोलावून उरकून घेतलं. पुतळी झाली ती अशी. पुढं लाली गेली, मैनाही गेली, आणि गोठ्यात पुतळीच उरली.

आणि पुतळी काय देखणी निघाली म्हणून सांगू! उंच, भरलेली, कपाळावर पांढरा चांद. ऐन थंडीत व्याली आणि दुधाचा पूर आला. दादा रोज संध्याकाळी मला फोन करायचा, खास माझं तोंड बंद करायला. "ऐकलं का मीने, आज कॅन भरून वर आला. तुझी पुस्तकं जरा धूळ झटकून बघ." मी काय बोलणार? थंडीत तो बरोबरच असतो. ही माझ्या धंद्यातली सगळ्यात चिडवणारी गोष्ट आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दादा बरोबर, शिमग्यापासून मृगापर्यंत मी बरोबर. आणि निर्णय सगळे थंडीत होतात. उन्हाळ्यात माणूस हैराण असतो, त्याला आजची दुपार निभवायची असते, आणि उन्हाळा सरला की तो विसरून जातो. माझं बरोबर असणं दर वर्षी पावसात वाहून जातं.

तो उन्हाळा मात्र मला पानापानानं आठवतो. चैत्र लागला तशी पुतळी मिनिटभर आडवी होईना. दिवसभर उभी, तोंड उघडं, लाळ गळतेय, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. दुधाचं तर विचारूच नका. दादानं तिच्यासाठी कूलर आणला. घरात कूलर नव्हता बरं का. वहिनी गेली कित्येक वर्षं स्वैपाकघरात पदरानं वारा घेत होत्या, पण गोठ्यात कूलर आला. मी दुपारी गेले तर वहिनी गोठ्यातच एका पोत्यावर बसून मेथी निवडत होत्या. म्हटलं, वहिनी इथं? तर हसून म्हणाल्या, "घरापरीस इथं गार लागतंय ताई. पुतळीच्या पुण्याईनं आमाला बी वारा." दर तासाला उठायच्या, हौदातून बादली आणायच्या, पुतळीच्या पाठीवरचं पोतं भिजवायच्या. मे महिना. विहिरीला तळ दिसत होता. माणसांना प्यायचं पाणी टँकरचं, आणि गाईच्या पाठीवर बादल्या. लाईट गेली की कूलर बंद, मग वहिनी सुपानं वारा घालायच्या. त्यांचे दंड भरून यायचे. दादा बाहेर लिंबाखाली बाजेवर बसून म्हणायचा, "यंदा ऊनच लई हाय." जसं काही ऊन यंदाच पडलं!

माझा असा संताप झाला की मी बाहेर येऊन भांडले. म्हटलं, दादा, ऊन लई नाही, तुझी हाव लई आहे. लाली इथंच उभी असायची, याच अंगणात, आठव. तिला लागला का कूलर?

"लाली दूध किती द्यायची, ते पण आठव," दादा म्हणाला.

झालं. या वाक्यापुढं माझं शास्त्र दर वेळी आडवं होतं. कारण तेही खोटं नाही ना. लालीच्या दुधावर घर चाललं नसतं. मला लालीही नको होती आणि ही अशी धापा टाकणारी पुतळीही नको होती. मला मैना हवी होती, मधली. मधलं कुणालाच नको असतं. आत्ताही बघा. परवा एक तरुण पोरगा दवाखान्यात आला, हातात मोबाईल. "मॅडम, विलायती सगळ्या काढून टाकतो, आता पुरा देशी गोठा करतो, व्हिडिओ बघितला. पंधरा गाई बाहेरून आणतो." म्हटलं, बाबा, त्या गाईंच्या माया-बापांची दुधाची काही माहिती? तर म्हणे, "देशी म्हणजे देशी मॅडम, त्यात काय बघायचं?" एका टोकावरून उडी मारायची ती थेट दुसऱ्या टोकावर. मी डोक्याला हात लावला आणि त्याला चहा पाजला.

तर, त्या दुपारी मी आत गेले तेव्हा वहिनींनी आमचं भांडण सगळं ऐकलेलं होतं. मेथीची जुडी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "ताई, एक विचारू का? खरं सांगा. हिच्यात आता माझ्या लालीचं किती उरलं?"

आमच्याकडं अजून रुपयाचे सोळा आणे धरून वाटे सांगतात. मी म्हटलं, मैनात आठ आणे होतं. पुतळीत चार आणे.

"आन् हिला फिरून ह्यांनी तेच भरलं तर?"

दोन आणे, मी म्हटलं. मग एक. मग अर्धा.

वहिनींनी बसल्याबसल्या पुतळीच्या पायावरची माशी हाकलली. मग म्हणाल्या, "माहेरी आता गावरान एक बी नाय ताई. भावानं समद्या इकल्या. आप्पा गेले. ते घर बी पाडून स्लॅबचं केलं. मला वाटायचं, लाली गेली तरी ती हितं हाय, हिच्या पोटी हाय. एवढंच तर आणलं होतं मी संगं." आणि मग एकदम ताठ बसून, "ताई, हिला आता आपलं भरा. लाल नसंल तरी आपल्याकडचं भरा. गाय माझ्या आंदणाची हाय. मी सांगती तुमाला."

मला तर हेच हवं होतं. आमच्या मराठवाड्याची देवणी जात आहे. गाय गरीब, उन्हाला चिवट आणि दुधाला अगदीच कमी नाही. तिच्या एका चांगल्या वळूची कांडी मी मागवून घेतली. त्याच्या लेकींची मी स्वतः चौकशी करून घेतली होती, त्या बऱ्यापैकी दूध देणाऱ्या होत्या. ती कांडी लालीची नव्हती, हे मला कळत होतं आणि वहिनींनाही कळत होतं. पण पुतळीचं वासरू निदान या मातीत उभं राहू शकलं असतं. दादाला वहिनींनीच सांगितलं, जेवताना. मी समोर होते. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "बघू" म्हणाला. दादाचं "बघू" मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी कांडी भांड्यात जपून ठेवली.

उन्हानं बेजार झालेली गाय नीट माजावर येत नाही. आली तरी चोरून येते, कळत नाही. आम्ही वाट बघत राहिलो. जूनच्या तोंडाला दोन दिवस आभाळ आलं, हवा जरा उतरली, पुतळी वैरण खायला लागली, दूधही थोडं वर चढलं. आणि एका सकाळी वहिनींचा फोन. कुजबुजत, आनंदानं. "ताई, पुतळी माजावर हाय. पहाटपासून हंबरायली. या लवकर."

मी म्हटलं, घाई नको. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, तेव्हा गाभण राहण्याची खात्री जास्त. चारला निघते, पाचला पोचते. हे मी पोटतिडकीनं प्रत्येक शेतकऱ्याला सांगते. बरोबर आहे ते. शंभर टक्के बरोबर आहे. आणि त्या माझ्या बरोबर असण्यात दादाला अख्खी दुपार मिळाली.

मी भांडं घेऊन गोठ्यात पोचले तेव्हा दादा लिंबाखाली चहा पीत बसला होता. "कामून आलीस उन्हाची? झालं की. तो फुलंब्रीचा कांडी भरणारा पोरगा हिकडंच आला होता, म्हणलं घे उरकून. तीच कांडी, कॅलेंडरवाल्याची." अगदी सहज. जसं काही दळण टाकून आला होता.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दादा हसत होता. "अगं, घरच्या बायांनी ठरवायच्या गोष्टी हायेत का ह्या?" म्हणाला. त्याला राग नव्हता, आकस नव्हता, हेच तर मला सहन होत नव्हतं. आपण कुणाचं काही घेतलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

धारांची वेळ झाली. वहिनींनी बादली विसळली, सडांना लावायच्या तेलाची वाटी घेतली, आणि दोन्ही दादाच्या बाजेपाशी आणून ठेवलं. "ह्या घ्या. गाय तुमची. आता धार बी तुमीच काढा. माझं काय उरलं न्हाई तिच्यात."

दादानं उभ्या आयुष्यात धार काढली नव्हती. आधी त्याला गंमत वाटली. मग तो बसला. पुतळीनं मान वळवून बघितलं, पाय झाडला, आणि जी आखडली ती आखडलीच. कास भरलेली, पण पान्हा सोडेना. गाय दूध चढवून धरते ती अशी. दादानं चुचकारलं, पेंड घातली, शिव्या दिल्या. बादलीच्या तळाला चार थेंब. खरं सांगते, माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. म्हटलं बस आता! कॅलेंडरवाल्याला बोलाव धार काढायला!

मी त्या दिवशी तिथंच राहिले. सकाळी गोठ्यात गेले तर पुतळी पाय फाकवून उभी होती. कासेला हात लावला. गरम, टणक, सड ताठलेले. आणखी एक वेळ गेली असती तर दगडी झाली असती. दगडी म्हणजे कास सुजून सडायला लागते, कधी गाय कायमची जाते. वहिनी ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या, गोठ्याकडं पाठ करून. दादा दारात उभा, तोंड पडलेलं. तिथं डॉक्टर मीच होते.

"वहिनी," मी म्हटलं, "कास दगडासारखी झालीय. धारेला बसा तुम्ही."

सूप थांबलं. "तुमी बी, ताई?"

"गाईसाठी म्हणते हो मी."

"गाईसाठीच म्हणत्यात समदे," वहिनी म्हणाल्या. मग उठल्या.

आजही मी तेच सांगितलं असतं. दुसरं काय सांगणार होते? पुतळीनं काय केलं होतं? पण वहिनींनी आयुष्यात एकदा मोडता घातला होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी मिळालं नाही, याची चीड अजून गेलेली नाही.

वहिनींनी कोमट पाण्यानं कास पुसली, पुतळीच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला, काहीतरी पुटपुटल्या. नुसतं बोट सडाला लागलं आणि पान्हा सुटला. दोन वेळचं साठलेलं दूध. धार बादलीच्या पत्र्यावर वाजली, मग फेसात बुडाली, फेस काठापर्यंत चढला. दादा पुढं आला, वाकून बादलीत बघितलं, आणि त्याचं तोंड उजळलं.

"बघ मीने," तो म्हणाला, "उगं बोलत न्हाय मी. हाय का न्हाय कांडीची करामत?"